शेवंडांच्या वाटांचा माग

आज जाळ्यात भरपूर सापडणारा शेवंड उद्या त्याच खडकावर दिसेनासा होतो. तो कोठे जातो हे ठाऊक असल्याखेरीज समुद्राचा कोणता भाग राखून ठेवावा, हे ठरविता येत नाही. या प्रश्नाचा कसून अभ्यास झाला तो अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर व शेजारच्या बहामा बेटांलगत. तेथील कॅरिबियन जातीचा शेवंड प्रवाळखडकांच्या आश्रयाने राहतो.

दिवसा हा प्राणी कपारीत दडून बसतो. त्याच्या लांब मिशा तेवढ्या बाहेर डोकावतात. रात्री तो शंख-शिंपले शोधीत हिंडतो व उजाडण्यापूर्वी आसऱ्यास परततो. त्याला खूण करावी तर अडचण अशी की, वाढताना तो कात टाकतो आणि कवचावरील खूण कातीबरोबरच जाते. म्हणून क्रमांकाची बारीक पट्टी पाठ व शेपटी यांच्या सांध्यातून आतील स्नायूत रोवतात. ती कात टाकल्यावरही टिकते. मात्र तिच्यावरून शेवंड कोठे सोडला व कोठे सापडला एवढेच कळते. मधली वाट अज्ञातच राहते.

ती वाट कळावी म्हणून पुढील कात पडेपर्यंतच्या मुदतीसाठी कवचावर लहानसे ध्वनिप्रेषक यंत्र बसवितात. प्रत्येकाच्या स्पंदांचा क्रम निराळा असतो व समुद्रतळाशी नांगरलेली ग्राहक यंत्रे तो वेळेसह नोंदवितात. प्रवाळखडकांत हे काम सोपे नव्हे. कपारीच्या भिंतींनी ध्वनी अडतो आणि चुटक्या वाजविणाऱ्या कोळंबीचा अखंड कडकडाट त्यात मिसळतो. तरीही अशा नोंदींतून एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. अंडी धारण केलेल्या माद्या उथळ भाग सोडून बाहेरच्या खोल कडेकडे जातात, तेथे पिले सोडतात आणि पुन्हा माघारी येतात. राखीव क्षेत्राची सीमा उथळ खडकांपाशीच संपली, तर हा प्रवास संरक्षणाबाहेर राहतो.

शरद ऋतूतील वादळांनंतर बिमिनी बेटाजवळ शेवंडांच्या रांगाच्या रांगा खोल पाण्याकडे निघतात. प्रत्येकजण पुढच्याशी स्पर्श राखून चालतो. अशा रांगेत पाण्याचा विरोध कमी होतो, असे हर्नकिंड व त्यांच्या सहकाऱ्याने १९७६ मध्ये दाखविले. दिशा कशी कळते, याचे उत्तर २००३ मध्ये बोल्स व लोहमान यांनी दिले. झाकलेल्या पात्रांतून १२ ते ३७ किलोमीटर दूर नेलेले शेवंड, डोळे झाकले असतानाही, आपल्या मूळ जागेच्या दिशेने चालू लागले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रच त्यांचा नकाशा होय.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुख्यतः सापडणारा शेवंड निराळ्या जातीचा असून तो गढूळ पाण्यात, चिखल व खडक असलेल्या तळाशी राहतो. त्यामुळे फ्लॉरिडातील अंतरे त्याला जशीच्या तशी लागू करता येणार नाहीत. या जातीसाठी केंद्र शासनाने २००३ मध्ये निर्यातीकरिता किमान ३०० ग्रॅम वजन ठरविले. त्याहून लहान शेवंड अथवा अंडी असलेली मादी जिवंत सापडल्यास मच्छीमारांनी ती बंदरापर्यंत न आणता, सापडली त्याच जागी ताबडतोब पाण्यात सोडावी.