कारखान्याचा पैसा आणि गावचा ठेवा

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात जा, एखादी जुनी विहीर, घाट, दीपमाळ किंवा पडका वाडा दिसतोच. ‘याची डागडुजी कोण करणार?’ असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘सरकार करील.’ पण आणखी एक दार आहे. त्याची आज ओळख करून घेऊ.

उद्योग आणि गाव यांची देवघेव आपल्याकडे नवी नाही. १९१० साली बेळगाव सोडून आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. निवडुंगाच्या त्या रानावर किर्लोस्करवाडी वसली. हे सारे तेव्हा मनाच्या मोठेपणावर चाले.

आता कायदा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ सांगते की, ठरावीक मर्यादेपुढच्या मोठ्या कंपन्यांनी मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी. शाळा, पाणी, ग्रामविकास यांत येतात. तशीच ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती आणि सार्वजनिक वाचनालयेही येतात. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. मात्र एक ध्यानात ठेवा: सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे, त्याला हे कलम लागू नाही.

मग जाताना हाती काय न्यायचे? साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटांची विहीर पाहा. ती कोणी व केव्हा बांधली, हे तिथला शिलालेख सांगतो. प्रत्येक विहिरीचे नशीब एवढे थोर नसते. तिथे गुरुजींनी मुलांकडून मोजमाप घ्यावे, फोटो काढावेत, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. सातबाऱ्यावर नाव कुणाचे, तेही पाहावे. मग ग्रामसभेचा ठराव करावा. पैसा संस्थेमार्फत यायचा असेल, तर ती या कामासाठी नोंदलेली हवी.

आणि घाई नको! वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून दगडही हलवू नये. नसेल तरी जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापू नका. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवते आणि आतला दगड झडू लागतो. दहा पोती सिमेंट फुकट मिळाले म्हणून तीनशे वर्षांची भिंत गमावायची का?

पैसा कंपनी देईल. पण विहिरीत केरकचरा पडू द्यायचा की नाही, हे कंपनी ठरवीत नाही. ते तुम्हीच ठरवायचे.