डावी भिंत जाड का?

हृदयाची आकृती काढायला सांगितली की पहिल्या वर्षाच्या मुली ती भराभर काढतात. चार कप्पे, चार झडपा, लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवलेल्या नळ्या, बाजूला नावांची रांग. मग मी विचारते, ‘डाव्या निलयाची भिंत एवढी जाड का काढलीस?’ वर्ग गप्प. पुस्तकात तशी आहे, म्हणून. मिरजेत नर्सिंगच्या मुलींना शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवताना हा प्रश्न मी दर वर्षी विचारते. या विषयाची खरी सुरुवात त्या ‘का’पासून होते, असं माझं ठाम मत आहे.

उत्तर पुस्तकात शोधू नका, असं सांगून मी ट्रेमध्ये बोकडाचं हृदय ठेवते. मटणाच्या दुकानात आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं, ‘मामा, चिरा देऊ नका, वरच्या नळ्या कापू नका.’ बोकडाच्या हृदयातही आपल्यासारखेच चार कप्पे असतात आणि रचनाही जवळपास तीच.

कापण्याआधी ते हातात धरून दोन्ही बाजूंनी दाबायचं. एक बाजू मऊ लागते, बोटाखाली दबते. दुसरी घट्ट, दाबली तरी दबत नाही. आकृती न बघताही कुठली उजवी, कुठली डावी हे मुलींच्या बोटांना कळतं. मग महारोहिणीत, म्हणजे सगळ्यात जाड भिंतीच्या नळीत, वरून पाणी ओतायचं. पाणी खाली उतरत नाही. तळाशी तीन छोट्या पाकळ्या फुगून एकमेकींना भिडलेल्या दिसतात. हीच ती अर्धचंद्राकृती झडप. पाकळ्यांच्या जरा वर बारीक छिद्रं आहेत. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तिथून निघतात. यातली एखादी तुंबली की हार्ट अटॅक येतो. छिद्र किती लहान आहे हे पाहिलेली मुलगी ते विसरत नाही.

मग सुरी घ्यायची. उजवा निलय उघडला की भिंत पातळ दिसते. डावा उघडला की जवळजवळ तिप्पट जाड. आत पांढरे चिवट दोरे दिसतात. त्यांचं एक टोक झडपेच्या कडेला, दुसरं भिंतीतून वर आलेल्या स्नायूच्या उंचवट्याला. एखादी मुलगी चिमट्याने दोरा ओढून पाहते, तो तुटत नाही. निलय आकुंचन पावतो तेव्हा रक्ताच्या रेट्याने झडप उलटी होऊन अलिंदात जाऊ नये, यासाठी ते दोरे आहेत. आता जाडीचा हिशेब लागतो. उजव्या बाजूला रक्त शेजारच्या फुप्फुसांत पोचवायचं असतं. तिथे आकुंचनाच्या वेळी पाऱ्याचा सुमारे 25 मिलिमीटर दाब पुरतो. डाव्या बाजूला तेच रक्त मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पाठवायचं, त्यासाठी 120 मिलिमीटरच्या आसपास दाब लागतो. काम जास्त म्हणून स्नायू जास्त.

इथे हमखास चुकणारी एक गोष्ट मी थांबून सांगते. डावी बाजू जोर जास्त लावते, पण रक्त जास्त पाठवत नाही. दोन्ही बाजू सारखंच रक्त पुढे ढकलतात. विश्रांतीत दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, मिनिटाला सुमारे 70 ठोके, म्हणजे जवळपास 5 लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही तेवढंच असतं. हा समतोल ढळला तर काय होतं, ते मुलींना वॉर्डात दिसतं. डावी बाजू थकली की रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं आणि तिथे पाणी साठतं. आडवं झालं की जीव घाबरतो, म्हणून आजी रात्रभर उशांना टेकून बसून राहतात. उजवी बाजू थकली की घोट्यांवर सूज येते, बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. ‘मॅडम, त्या आजींना झोपवायचं नसतं ते यामुळेच ना?’ असं कुणी वर्गात विचारलं की मला त्या दिवशी शिकवल्याचं समाधान मिळतं.

लाल-निळ्या पेन्सिलींबद्दलही बोलायला हवं. नीलेतलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. ते ‘अशुद्ध’ म्हणजे टाकाऊ, असा समज शाळेपासून घट्ट बसलेला असतो. विश्रांतीत असलेल्या माणसाच्या शरीरभर फिरून परत आलेल्या रक्तातही ऑक्सिजनचा सुमारे पाऊण हिस्सा शिल्लक असतो. धावताना, जिना चढताना स्नायू त्यातूनच जास्तीचा उचलतात.

रक्त फिरून परत येतं, हे तरी माणसाला कुठे लवकर कळलं! रोमन काळातल्या गेलनची शिकवण दीड हजार वर्षं चालली. यकृतात रक्त तयार होतं, शरीर ते वापरून संपवतं आणि हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून थोडं डावीकडे झिरपतं, अशी ती समजूत. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी ती छिद्रं साफ नाकारली आणि रक्त फुप्फुसांतून डावीकडे येतं असं लिहिलं. पुढे 1628 मध्ये विल्यम हार्वे यांनी साधा गुणाकार मांडला. ठोक्याला अगदी थोडं रक्त धरलं तरी अर्ध्या तासात ते अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून जास्त भरतं. एवढं नवं रक्त बनणार कुठून? तेव्हा तेच रक्त फिरत असलं पाहिजे. रोहिणीतून नीलेत ते जातं कसं, हे मात्र हार्वे यांना दिसलं नाही. त्यांचं निधन 1657 मध्ये झालं आणि 1661 मध्ये माल्पिघी यांना बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशिका दिसल्या.

हार्वे यांचा एक प्रयोग तुम्ही आत्ता करू शकता. हात खाली सोडा, शिरा फुगू द्या. मनगटाच्या वरची एक ठळक शीर निवडून तिच्यावर एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने त्या शिरेतलं रक्त कोपराकडे पुसत न्या आणि ते बोट उचला. वाटेत झडप असेल तर तिच्यापर्यंतचा भाग रिकामाच राहतो, वरचं रक्त मागे येत नाही. आता पहिलं बोट उचला, शीर खालून लगेच भरते. काही मुली बोकडाच्या हृदयाला हात लावत नाहीत. घरी मांसाहार नसतो, कुणाला वास सहन होत नाही. त्यांच्यावर मी जबरदस्ती करत नाही. त्या या प्रयोगावरून तेवढंच शिकतात.

अभ्यासक्रम मोठा आणि तास थोडे, ही अडचण मला ठाऊक आहे. तरीही जीवशास्त्र किंवा नर्सिंग शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: हृदयाचा धडा येईल त्या आठवड्यात फळ्यावर आकृती काढण्याआधी एक खरं हृदय वर्गात आणा. त्यासाठी एक ट्रे, सुरी, चिमटा, हातमोजे, पेलाभर पाणी आणि हात धुवायला साबण एवढंच लागतं. आणि परीक्षेत ‘नावे द्या’ हा प्रश्न विचारलात, तर त्याच्याखाली ‘असं का?’ हाही विचारा.