स्त्रीवेशाचं वय

मीरा-भाईंदर महापालिकेच्या नाट्यगृहाला लता मंगेशकर यांचं नाव आहे. लताबाईंचं पाळण्यातलं नाव हेमा. वडिलांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून त्यांना पुढे 'लता' म्हटलं जाऊ लागलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. राम गणेश गडकऱ्यांच्या या नाटकातली लतिका रंगमंचावर साकारत होते खुद्द मास्टर दीनानाथ. म्हणजे आमच्या शहरातल्या नाट्यगृहाच्या पाटीवर जे नाव आहे, त्याचा उगम साडी नेसलेल्या एका पुरुषाच्या भूमिकेत आहे. भाईंदरच्या जेसल पार्कातल्या एकेका जिन्यावर मराठी, गुजराती, मारवाडी घरं शेजारी शेजारी नांदतात. त्यातल्या मराठी आणि गुजराती घरांच्या आज्या-पणज्यांनी पुरुषांनी रंगवलेल्या नायिका डोळे भरून पाहिल्या, इतकंच नाही तर त्यांच्यासारखा पदरही घेतला. म्हणून हा विषय आपल्या घरातला आहे आणि तो घरातल्यासारखाच बोलायला हवा, असं मला वाटतं.

एखादा पुरुष वर्षानुवर्षं स्त्रीवेश करत राहिला, तर त्या वेशाचं पुढे काय होतं? तो तसाच राहतो की माणसाबरोबर वाढतो, पिकतो, थकतो? मराठी रंगभूमीकडे या प्रश्नाचं जवळजवळ नव्वद वर्षांचं उत्तर आहे.

1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा स्त्रीभूमिका कोवळ्या वयाच्या मुलांकडे आल्या. तिथपासून पुढे बराच काळ स्त्रीवेश हा उसना वेश होता. लुगडं कंपनीच्या कपडेपटातलं, दागिने कंपनीचे, चेहऱ्याला सफेदा, डोळ्यांत काजळ. मुलगा बदलला तरी लुगडं तेच. किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'शाकुंतल' आणलं. दोन वर्षांनी भाऊराव कोल्हटकर कंपनीत आले आणि शकुंतला, सुभद्रा या भूमिकांना एक ठरावीक चेहरा मिळाला. लोक नाटकाला जात ते भाऊरावांना पाहायला आणि ऐकायला. वेश कंपनीचाच राहिला, पण आता तो एका माणसाच्या अंगाने ओळखला जाऊ लागला. पुढे 'शारदा' नाटकात याच भाऊरावांनी कोदंड रंगवला आणि लुगडं बाजूला ठेवलं. 1901 मध्ये ते गेले, तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 मध्ये किर्लोस्कर कंपनीत आले. त्यांच्या वेशाचा प्रवास भूमिकांच्या क्रमाने पाहावा. सुरुवातीची शकुंतला ही आश्रमकन्या, फुलांनी नटलेली. हा वेश त्यांना परंपरेकडून तयार मिळाला होता. 1911 मध्ये 'मानापमान' आलं. भामिनी श्रीमंतांची लेक, आणि तीच वनमाला बनून साध्या वेशात वावरते. एकाच रात्री दोन कपाटं! भरजरी शालू उतरवून साधं लुगडं नेसायचं आणि तरी ती तीच बाई आहे हे प्रेक्षकाला पटवायचं. या भूमिकेने बालगंधर्वांना कपड्यापलीकडची गोष्ट शिकवली असं माझं मत आहे. चाल, मान वळवणं, पदर सावरताना हाताची लय हे दोन्ही वेशांत सारखं ठेवावं लागतं, आणि शैली म्हणतात ती त्यातच असते. 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची मुलगी गेली, तरी ते भामिनी होऊन उभे राहिले, हे मराठी माणसाला पाठ आहे.

1913 मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. आता कपडेपट त्यांचा स्वतःचा झाला, आणि हा फार मोठा बदल होता. दुसऱ्याने दिलेलं नेसणारा माणूस आता स्वतः निवडू लागला. खऱ्या रेशमाचे, खऱ्या जरीचे शालू, पैठण्या, दागिने, अत्तराचा दरवळ, कशालाच हात आखडता घेतला गेला नाही. 1916 मधली 'स्वयंवर'ची रुक्मिणी हा या वैभवाचा कळस. राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांतून घरोघर पोचलेली नऊवारीतली नायिका प्रेक्षकांच्या डोळ्यांत आधीच बसली होती. बालगंधर्वांनी तिला चालतं-गातं केलं. मग पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतल्या स्त्रिया त्यांच्यासारखा अंबाडा, त्यांच्यासारखा गजरा, त्यांच्यासारखं नेसणं उचलू लागल्या. पुरुष स्त्रीची नक्कल करतो, एवढंच म्हणून या गोष्टीची बोळवण करता येत नाही. रंगमंचावरच्या पुरुषाने आपल्या समाजातल्या स्त्रियांना नेसण्याची नवी रीत दाखवली आणि त्यांनी ती आनंदाने घेतली.

तीन वर्षांत 'एकच प्याला' आलं, 1919 मध्ये. रुक्मिणीच्या वैभवानंतर सिंधूचं दारिद्र्य. सिंधूकडे शोभेचं काही उरत नाही, जात्यावर दळण दळावं लागतं. आणि प्रेक्षक तरीही सिंधू झालेल्या बालगंधर्वांवरून नजर हटवू शकले नाहीत. बालगंधर्वांच्या शैलीचा खरा कस रुक्मिणीत नाही, सिंधूत लागला असं मी मानतो. नटण्याची हौस पुरेपूर भागल्यावरच माणसाला साधेपणा पेलता येतो. पुढे 1931 मध्ये 'कान्होपात्रा' झाली, गणिकेची मुलगी विठ्ठलाच्या पायाशी जाणारी. तिथेही अलंकाराकडून विरक्तीकडेच वाट जाते.

त्यानंतरचा भाग सांगणं अवघड आहे. 1935 मध्ये प्रभातबरोबर 'धर्मात्मा' चित्रपटात ते संत एकनाथ झाले, म्हणजे पुरुषवेशात आले. प्रेक्षकांना आपले बालगंधर्व त्यात सापडले नाहीत आणि प्रभातशी जोडलेली भागीदारी एका चित्रपटावर संपली. ते पुन्हा रंगमंचावर, पुन्हा नायिकेच्या वेशात परतले. देह स्थूल झाला, वय वाढलं, पण भूमिका तरुण नायिकांच्याच राहिल्या. त्यांना प्रौढ स्त्रीचा, आईचा, सासूचा वेश का मिळाला नाही? दोष त्यांचा नव्हता. प्रेक्षकांना भामिनी विशीचीच हवी होती आणि लिहिणाऱ्यांनी पन्नाशीच्या बालगंधर्वांसाठी पन्नाशीची नायिका लिहिली नाही. माणसाची शैली त्याच्या वयाबरोबर वाढू दिली नाही की तिचे हाल होतात. 1967 मध्ये ते गेले, तोवर पद्मभूषणही मिळालं होतं, पण ही उणीव तशीच राहिली.

त्यांच्या दोन समकालीनांनी वेगळ्या वाटा धरल्या. केशवराव भोसले बालवयात शारदा म्हणून गाजले आणि मोठे झाल्यावर पुरुष नायक झाले. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या 'संयुक्त मानापमान'मध्ये भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव होते. त्याच वर्षी केशवराव वारले. दीनानाथांनी स्त्रीभूमिका सोडल्या नाहीत, पण नायिकेची जात बदलली. लतिकेनंतर 'रणदुंदुभी'ची तेजस्विनी, मग सावरकरांच्या 'संन्यस्त खड्ग'मधली सुलोचना. या तेजाच्या स्त्रिया होत्या. त्यांच्या तडफदार गळ्याला लाजरी नायिका शोभली नसती आणि त्यांनी तिचा आग्रहही धरला नाही. स्वतःच्या देहाला आणि आवाजाला कोणती स्त्री शोभते हे ओळखणं, ही या कलेतली मोठी समज आहे.

गुजराती शेजाऱ्यांनाही हे परकं नाही. जयशंकर भोजक यांनी 1901 मध्ये मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर 'सौभाग्य सुंदरी' नाटकातली सुंदरी केली आणि त्या भूमिकेचं नाव त्यांना जन्मभर चिकटलं. मुंबईतल्या गुजराती स्त्रियांनी त्यांच्या वेशभूषेचं अनुकरण केलं. 1932 च्या सुमारास त्यांनी स्त्रीभूमिका थांबवल्या आणि पुढे अहमदाबादेत नाट्यशिक्षण आणि दिग्दर्शनाला वाहून घेतलं. त्यांना ती उसंत मिळाली, बालगंधर्वांना मिळाली नाही.

चित्रपटातही सुरुवात अशीच होती. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'त तारामती झाले साळुंके, आणि 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. 1929 मध्ये हिराबाई बडोदेकरांनी रंगमंचावर पाऊल ठेवलं, 1933 मध्ये नाट्यमन्वंतरचं 'आंधळ्यांची शाळा' आलं आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडे गेल्या. ते योग्यच झालं. मात्र त्यानंतर स्त्रीवेशातला पुरुष पडद्यावर उरला तो मुख्यतः तमाशापटातला नाच्या म्हणून. कोल्हापूरच्या गणपत पाटील यांनी ही भूमिका अजरामर केली, पण लोकांनी त्यांना त्याच चौकटीत जखडलं. तोच हेल, तीच लचक, तेच 'आत्ता गं बया'. बालगंधर्वांकडून प्रेक्षकाने सौंदर्य मागितलं होतं, गणपतरावांकडून फक्त हसू मागितलं. जिथे फक्त हसू हवं असतं तिथे शैली वाढत नाही. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीचा आणि 2010 च्या चित्रपटाचा गाभा हाच आहे.

सिंधुदुर्गातल्या दशावतारात मात्र परंपरा अजून जिवंत आहे. ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारख्या नटाला तिथले रसिक दशावताराचा बालगंधर्व म्हणतात. दशावतारी नट आपला रंग आपणच लावतो आणि वेशाची पेटी स्वतः बाळगतो. त्यामुळे प्रत्येकाच्या पेटीत त्याच्या उमेदीची वर्षं साठलेली असतात. कधी काळी घेतलेली झगमगती साडी, मग अंगाला बसणारं पोलकं, मग एखादी साधी जुनी साडी, जी दुःखी राणीसाठी राखून ठेवलेली असते. कंदिलाच्या आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात भडक रंग लागायचे. विजेचा झोत आल्यावर रंग उतरवावा लागला, जरीची निवड बदलावी लागली. जाणत्या नटाकडून नवा नट हे बघून बघून शिकतो. हे शिक्षण पुस्तकात मिळत नाही.

एक बाजू आणखी आहे. देवीला सोडलेल्या कित्येक जोगत्यांना साडी नेसावीच लागते. राजीव पाटील यांच्या 'जोगवा' चित्रपटात उपेंद्र लिमये यांनी रंगवलेला तायप्पा पाहिला की कळतं, जी साडी बालगंधर्वांना वैभव वाटली तीच दुसऱ्याच्या अंगावर बेडी होते. फरक कापडात नाही, मर्जीत आहे.

आता रंगमंचाबाहेर येऊ. आपल्या आसपास असे पुरुष आहेत ज्यांना स्त्रीवेश आवडतो. त्यातले काही स्वतःला स्त्री मानतात, पुष्कळसे मानत नाहीत. वेश हा त्यांच्या जगण्याचा एक कप्पा असतो. त्यांचीही वाट रंगभूमीसारखीच जाते, फक्त एकट्याने. सुरुवात आईच्या किंवा बहिणीच्या साडीने, दार लावून. मग सगळं एकदम हवं असतं: लाल ओठ, उंच टाचा, टिकल्यांचा झगमगाट. कित्येक वर्षं दाबून ठेवलेली हौस अशीच बाहेर पडते आणि तिला हसू नये. नंतर अंगाचे प्रश्न समोर येतात. खांदा रुंद, म्हणून बाही आणि काखेचा काट बदलून शिवलेला ब्लाऊज लागतो. हात मोठा, म्हणून दोन-दहाच्या बांगड्या. नाक टोचलेलं नाही, म्हणून दाबाची नथ. नऊवारीचा काष्टा जमेना, तर हल्ली पेशवाई, मस्तानी अशा नावांनी शिवलेली नऊवारी मिळते. हळूहळू कळतं की गडद निळा शोभतो, पोपटी नाही. बंद गळा बरा दिसतो. चाळिशीत सुती किंवा हातमागाची साडी अंगाला अधिक आपली वाटते. काहींना दाढी ठेवूनच साडी नेसावीशी वाटते, आणि मुंबईच्या अभिमान पदयात्रेत असे कितीतरी जण दिसतात. स्त्रीसारखं दिसण्याची धडपड थांबली आणि स्वतःसारखं दिसण्याचं धाडस आलं की वेश वयात आला, असं मी समजतो.

एप्रिल 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोशाखातून आपली लिंगओळख व्यक्त करणं हे घटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानलं. सप्टेंबर 2018 मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा धाकही गेला. कायद्याने आपलं काम बऱ्यापैकी केलं. उरलं आहे ते दुकानाच्या गादीवरचं आणि शिवणयंत्रासमोरचं काम. बालगंधर्वांना कपडेपट होता, दशावतारी नटाला जाणती माणसं आहेत. आपल्या इमारतीतल्या अशा एखाद्या मुलाला माप घेऊन देणारं कुणी नाही. स्वतःसाठी साडी घेताना त्याला 'बहिणीसाठी हवी' असं सांगावं लागतं.

म्हणून भाईंदरच्या साडीवाल्यांना, ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंना आणि काकांना या दिवाळीत एक विनंती आहे. एखादा पुरुष संकोचत आत आला आणि साडी बघू लागला, तर कुणासाठी हे विचारू नका. चार साड्या उलगडून दाखवा, त्याच्या खांद्यावर पदर टाकून बघू द्या, माप नीट घ्या आणि ठरल्या दिवशी ब्लाऊज तयार ठेवा.