घरच्या घरी सॉफ्टवेअर!

गेल्या महिन्यात आमच्या वन्सं रोह्याहून चार दिवस पेणला आल्या होत्या. माहेरपण म्हणायचं एवढंच, खरं तर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून बिचाऱ्या रजा टाकून आल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी कुकर लावतेय, त्या कोथिंबीर निवडताहेत, आणि त्यांचा फोन वाजला. मग तो वाजतच राहिला. "मॅडम, ॲप भलतेच आकडे दाखवतंय." "मॅडम, ट्रक गेटवर उभा आहे, काय करू?" शेवटी खुद्द साहेबांचा फोन. वन्संचा चेहरा पार उतरला. फोन ठेवून म्हणाल्या, "वहिनी, मुलांचा लॅपटॉप जरा देता का?"

तुम्हाला वाटेल, वन्सं कॉम्प्युटर इंजिनिअर असतील. छे हो! साध्या बी.कॉम. झालेल्या. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क आहेत. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर कॉलेजात असताना केलेलं एमएस-सीआयटी, तेवढंच. पण ज्या ॲपवर त्या स्टोअरचा सगळा कारभार चालतो ना, ते ॲप वन्संनी स्वतः केलेलं आहे. मैत्रिणींनो, मलाही हे त्या दिवशीच नीट कळलं!

त्याचं असं झालं. स्टोअरमध्ये पूर्वी तीन रजिस्टरं होती. आलेल्या मालाचं एक, दिलेल्या मालाचं दुसरं, आणि रात्रपाळीचं तिसरं. रात्रपाळीचा माणूस घाईत चिठ्ठीवर लिहून ठेवायचा. ती चिठ्ठी कधी सापडायची, कधी चहाच्या कपाखाली भिजलेली असायची. महिनाअखेरीला ड्रम मोजायचे, रजिस्टराशी ताळा घालायचा, आणि तो काही केल्या जमायचा नाही. वन्संना घरी यायला रात्रीचे आठ-आठ वाजत. धाकटी मुलगी शेजारणीकडे झोपून जायची. "एक दिवस तिला उचलून घरी आणताना ठरवलं," वन्सं म्हणाल्या, "या चिठ्ठ्यांचं काहीतरी केलंच पाहिजे."

मग त्यांनी मराठीतले व्हिडिओ पाहिले. गूगलच्या शीटवर आडवे-उभे रकाने आखले. गूगलचंच 'ॲपशीट' नावाचं एक साधन आहे, ते त्या तक्त्याला जोडलं, की रकान्यांवरून मोबाइलवर भरायचा फॉर्म आपोआप तयार होतो. कोणता माल, किती, कोणी नेला, कधी नेला. बटण दाबलं की शिल्लक किती ते दिसतं. नेटवर्क नसलं तरी नोंद फोनमध्ये राहते आणि रेंज आली की वर जाते. भिसे खिंडीतून येजा करणाऱ्या बाईला या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको! तीन आठवडे रोज रात्री जेवणं आटोपल्यावर बसून त्यांनी ते उभं केलं.

याला म्हणतात 'लो-कोड'. म्हणजे कोड, ती कॉम्प्युटरची अगम्य भाषा, अगदी थोडी लिहायची किंवा मुळीच नाही. आपण ब्लाउज बेततो तेव्हा कापड काही विणत बसत नाही. कापड तयार असतं, बेतणं तेवढं आपलं. तसंच हे. फॉर्म, बटणं, याद्या सगळं तयार असतं. कुठे काय जोडायचं ते आपण सांगायचं.

हा नाद तसा जुना आहे. अमेरिकेत डॅन ब्रिकलिन नावाचा तरुण हार्वर्डला व्यवस्थापन शिकत होता. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ते पाहून त्याच्या डोक्यात आलं, की हे काम कॉम्प्युटरने आपसूक करावं. त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने मिळून १९७९ मध्ये 'व्हिसिकॅल्क' बाजारात आणलं. आज आपण एक्सेल म्हणतो, त्याची ती आजी! पुढे २००६ मध्ये आपल्या चेन्नईच्या कंपनीचं 'झोहो क्रिएटर' आलं, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं 'पॉवर ॲप्स'. ॲपशीट हे आधी वेगळ्या कंपनीचं होतं, ते गूगलने २०२० मध्ये घेतलं. 'लो-कोड' हे नाव मात्र २०१४ सालचं.

लॅपटॉपवरचं काम आटोपल्यावर (काय झालं होतं ते सांगते पुढे) वन्संना जरा बरं वाटावं म्हणून मी त्यांना संध्याकाळी ओळखीच्या एका गणपतीच्या कारखान्यात घेऊन गेले. पेणचे गणपती तुम्हाला ठाऊक आहेतच. इथे वर्षभर काम चालतं. हमरापूर, जोहे या गावांत तर घरोघरी मूर्तींचं काम. त्या कारखान्याची थोरली सून मला म्हणाली होती, "काकू, आमचं बुकिंगसुद्धा आता मोबाइलवर असतं." तेही तिचं तिनेच केलेलं. वन्संना ते पाहायचं होतं.

आणि खरं सांगते, मला शहाणपण शिकवलं ते त्या सुनेने. आधी त्यांनी एका सॉफ्टवेअरवाल्याकडून नमुना करून घेतला होता. त्यात काय होतं? ग्राहकाचं नाव, मूर्तीची उंची, रक्कम, आगाऊ किती, बाकी किती. दिसायला छान. पण कोणाच्याच उपयोगी पडेना. का? तर गिऱ्हाईक दारात येऊन म्हणतं, "गेल्या वर्षीसारखीच द्या हो!" आता गेल्या वर्षीची कशी होती? पितांबर पिवळा की केशरी? बैठक चौरंगावर की लोडाला टेकून? सोंड, मुकुट, शेला? त्या बिचाऱ्या मुलाला हे कसं सुचावं! हिने मात्र आपल्या फॉर्ममध्ये पहिलाच रकाना घातला 'मागच्या वर्षीचा फोटो'. दुसरा घातला 'आखणी झाली का'. म्हणजे डोळ्यांची आखणी हो. ती करणारे हात कारखान्यात मोजके, आणि श्रावण उजाडला की सगळं त्यांच्यापाशी अडतं. कोणत्या मूर्तीचे डोळे बाकी आहेत, हे आता सासरे ओट्यावर बसून फोनवर पाहतात. पूर्वी हातात वही घेऊन मांडणीमांडणीने हिंडायचे.

शिक्षण बारावी. पण प्रश्न कोणता विचारायचा, ते तिला माहीत होतं. कामाची माहिती जिच्या हातात असते तिलाच ते सुचतं, मग पदवी असो नसो.

वन्सं मात्र गप्पच होत्या. परत येताना म्हणाल्या, "तिचं बरं आहे वहिनी. कारखाना तिचा आहे."

आता सकाळचं सांगते. वन्सं रजेवर, म्हणून एका मुलाला त्या कामाला बसवलं होतं. त्याला आकडे चढत्या क्रमाने हवे होते. त्याने तक्त्यातला एकच रकाना निवडला आणि क्रम लावला. झालं! मालाची नावं जागच्या जागी राहिली आणि आकडे भलतीकडे गेले. आपल्या फळीवरच्या डब्यांची नुसती झाकणं कोणी अदलाबदल करावी, आणि साखरेच्या डब्यात मीठ निघावं, तसं. वन्संनी लॅपटॉपवर त्या तक्त्याचा 'आवृत्ती इतिहास' उघडला, आदल्या रात्रीची प्रत शोधली आणि ती परत आणली. दहा मिनिटांचं काम. पण ते एकट्या वन्संनाच माहीत होतं. शिवाय सगळा तक्ता होता त्यांच्या स्वतःच्या जीमेलवर. उद्या फोन हरवला, पासवर्ड विसरला, की सगळं स्टोअर अंधारात!

आणि साहेब काय म्हणाले असतील? "तुम्हाला हे करायला सांगितलं होतं कोणी?" वर्षभर ताळा चोख जमत होता तेव्हा ती 'आपल्या स्टोअरची सिस्टीम' होती. बिघडली तशी ती 'तुमचं ॲप' झाली. मला तर भारी राग आला. पण मोठमोठ्यांच्या हातून असं होतं. इंग्लंडमध्ये २०२० च्या ऑक्टोबरात कोरोनाच्या रुग्णांची यादी एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये भरत होते. त्या फाइलमध्ये पासष्ट हजारांच्या आसपासच ओळी मावतात. पुढच्या नोंदी गळून गेल्या आणि १५,८४१ रुग्ण मोजायचे राहिले. त्यांच्या सहवासातल्या माणसांना शोधायला उशीर झाला. तिथे तर सरकारी आरोग्यखातं होतं!

तेव्हा तुमच्यापैकी कोणी ऑफिसात, दुकानात, पतपेढीत असं काही करायला घेतलंत, तर चार गोष्टी सांगते. वन्संच्या अनुभवाच्या आहेत. आधी कागदावर आखा. एका रकान्यात एकच गोष्ट. 'शिल्लक २० आणि ५ फुटके' असं एका घरात लिहायचं नाही. प्रत्येक वस्तूला स्वतःचा क्रमांक द्या. नाव हाताने लिहू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. नाहीतर एक 'ड्रम' लिहितो, एक 'ड्रम्स', आणि कॉम्प्युटर त्यांना दोन वेगळ्या वस्तू समजतो. मूळ तक्ता सगळ्यांना उघडा ठेवू नका, फक्त फॉर्म द्या. वन्संचं घोडं तिथेच अडलं. गिऱ्हाइकांचे फोन नंबर, पत्ते असतील तर अधिकच जपा. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालेला आहे.

आणि सगळ्यात आधी, खातं कंपनीचं घ्या, स्वतःचं नको. आपल्या खात्यावर असलं की आपल्याला हात लावणार नाहीत, असं वाटतं. वन्संनाही वाटलं होतं. पण रजेच्या दिवशी फोन आपल्यालाच येतो! शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची असते, आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅमही त्यात येतो. रात्री घरी बसून, कोणी न सांगता केलं, ते नोकरीचं काम की आपल्या वेळेचं, यावर वकील भांडतील. आपण एवढंच करावं, की करायच्या आधीच लेखी विचारावं. मी हे करू का? याला वेळ किती मिळेल? पगारवाढीच्या वेळी हे धरणार का? बायकांना हे विचारायचा संकोच वाटतो. स्वयंपाकघरात चार डबे नीट लावले तर कोणी पैसे देतं का, तशीच आपली सवय. पण ते स्टोअर काही आपलं स्वयंपाकघर नव्हे.

वन्संनी रोह्याला परतल्यावर पत्र दिलं. आमच्या ह्यांनी मसुदा पाहिला, मी शुद्धलेखन तपासलं! कंपनीने नवं खातं उघडलं, तक्ता तिकडे हलवला. मूळ तक्त्याला आता दोघांखेरीज कोणी हात लावू शकत नाही. त्या दोघांतला दुसरा म्हणजे तो रकानेवाला मुलगाच. तो चांगला आहे हो, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. पगाराचं उत्तर अजून आलेलं नाही. साहेब म्हणाले, एप्रिलमध्ये बघू.

परवा मी रोह्याला गेले होते. वन्संनी एक दोनशे पानी वही दाखवली. आत सगळं मराठीत लिहिलेलं, कोणता रकाना कशासाठी, बिघडलं तर आधी काय पाहायचं, जुनी प्रत कशी आणायची. वहीला मुलीच्या पुस्तकांसारखं खाकी कव्हर घातलेलं. पहिल्या पानावर तारीख, तिच्याखाली 'तयार करणार' असं लिहून स्वतःचं पूर्ण नाव, आणि शेवटी लाल शाईने, 'ही वही स्टोअरबाहेर नेऊ नये'.

"मग घरी कशी आणलीत?" मी विचारलं.

"आजच्या दिवस," वन्सं म्हणाल्या. "तुम्हाला दाखवायला."