घराआधीचा निवारा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले असोदा जळगाव शहराच्या अगदी जवळ आहे. शहर वाढते आहे, तसे या बाजूच्या वावरांत घर बांधायचे बेतही वाढत आहेत. कुणाला गावठाणातले वाटणीचे घर अपुरे पडते, कुणाला निवृत्तीनंतर शेतावर राहायचे असते, कुणाचे घरकुल मंजूर झालेले असते आणि जुने घर पाडल्याशिवाय नवे उभे राहत नाही. तिघांपुढे प्रश्न एकच असतो: घर होईपर्यंत राहायचे कशात? घराच्या नकाशावर महिनोन्महिने खल होतो आणि या प्रश्नाचा विचार मात्र अगदी शेवटी, घाईघाईत उरकला जातो. मे महिन्याचे ऊन, मृगाआधीची वादळे आणि काळी माती मात्र निवारा तात्पुरता आहे म्हणून सवलत देत नाहीत. म्हणून गावोगावी ऐकू येणारे काही समज इथे तपासून पाहू.

गैरसमज: चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, कसेही भागवून नेऊ.

वस्तुस्थिती: खानदेशात बांधकामाचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. कापूस घरात येतो, हाती पैसा खेळतो, गवंडी आणि मजूर मिळू लागतात. ७ जूनच्या आसपास मृग लागतो तोवर स्लॅब पडला तर ठीक. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात, काँक्रीटवर मारायला पाणी पुरत नाही आणि काम रेंगाळते. पेरणी लागली की घरातली माणसे वावरात अडकतात आणि उरलेले काम पुढच्या दिवाळीवर जाते. घरकुलाचे तर हप्तेच बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळतात. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी केंद्राच्या निकषाने १ लाख २० हजार रुपये धरले आहेत आणि त्यात तात्पुरत्या निवाऱ्याचा वेगळा खर्च नसतो. म्हणून निवारा निवडताना कसोटी एकच लावावी: हा एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा काढेल का?

गैरसमज: पत्र्यावर दगड ठेवले की पत्रा उडत नाही.

वस्तुस्थिती: हा सर्वांत धोकादायक समज आहे, म्हणून थोडा हिशेब करू. दहा बाय बारा फुटांच्या शेडचे छत म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे हे छत साठ किलोच्या आतबाहेर भरते. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे ४७ किलो इतका दाब आणतो. शेडची एक बाजू उघडी असेल तर वारा आत शिरून छताला खालून उचलतो आणि वरून वाहणारा वारा त्याला ओढतो. म्हणजे साठ किलोच्या छतावर पाचशे किलोच्या घरातला जोर येतो. त्यापुढे आठ-दहा दगडांचे वजन काहीच नाही. उलट पत्रा उचलला की तेच दगड आत झोपलेल्या माणसांवर पडतात. रावेर, यावल, चोपडा भागात मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या झालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या वाऱ्याची ताकद वेगळी सांगायला नको.

छत टिकते ते बांधणीने. पत्रा लोखंडी किंवा लाकडी आडव्या दांड्यांना हुकाच्या बोल्टने आवळावा आणि बोल्टखाली रबरी वायसर असावा. भोक पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडावे. खोलगट भागात पाडले की पावसाचे पाणी तिथूनच टपकते. कडेला आणि कोपऱ्यांवर वाऱ्याचा जोर जास्त असतो, म्हणून तिथे बोल्ट जवळजवळ घ्यावेत. छत खांबाला आणि खांब जमिनीला धरलेला हवा. दीड फूट लांब, रुंद आणि खोल काँक्रीटचा ठोकळा सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतो. चार खांबांना असे चार ठोकळे घातले की नऊशे किलोचा आधार मिळतो. दगडांवर विसंबण्यापेक्षा दोन-तीन गोण्या सिमेंट इथे घालणे केव्हाही शहाणपणाचे.

गैरसमज: पत्र्याखाली उकडतेच, त्याला इलाज नाही.

वस्तुस्थिती: जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याखालची काहिली मात्र केवळ हवेची नसते. तापलेला पत्रा खालच्या माणसावर थेट उष्णता फेकतो, म्हणून पंखा लावूनही डोके तापते. इलाज आहे तो माणूस आणि पत्रा यांच्यामध्ये दुसरा थर घालण्याचा. पत्र्याखाली अर्धा-पाऊण फूट मोकळी जागा सोडून बांबूची चटई किंवा तट्ट्या बांधाव्यात आणि दोन्ही टोकांना वर झरोके ठेवावेत, म्हणजे मधली तापलेली हवा बाहेर पडते. पत्र्यावरून वीतभर उंच हिरवी जाळी ताणली तरी फरक पडतो. पत्र्याला वरून पांढरा चुना मारला तर ऊन बरेचसे परतते. पश्चिमेची भिंत सावलीत ठेवावी, कारण दुपारनंतरचे तिरके ऊन तिथूनच आत येते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. पत्रा पातळ असल्याने रात्री लवकर निवतो. जाड मातीची भिंत दिवसा थंड राहते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब धरते. राखणीला फक्त रात्री मुक्काम असेल तर पत्र्याचे शेड चालते. घरात म्हातारी माणसे किंवा तान्हे मूल असेल आणि दिवसभर तिथेच राहायचे असेल, तर नुसता पत्रा निवडू नये.

गैरसमज: निंबाखाली शेड टाकले म्हणजे सगळे प्रश्न मिटले.

वस्तुस्थिती: सावली मोलाची, पण झाडाच्या बुंध्याशी निवारा नको. वादळात फांदी मोडली की ती थेट छतावर येते, आणि एकट्या उंच झाडावर वीज पडण्याचा धोका मोकळ्या वावरात अधिक असतो. झाड पश्चिमेला राहील आणि फांद्यांचा घेर छतापर्यंत येणार नाही अशी जागा शोधावी. दुपारची सावली तरीही मिळते.

गैरसमज: कुडामातीचा निवारा म्हणजे मागासलेपणा, तो एका पावसातही टिकत नाही.

वस्तुस्थिती: खानदेशातली धाब्याची घरे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊनच उभी होती आणि वर्षातून एकदा, पावसाआधी, छतावर पांढऱ्या मातीचा थर चढवला की पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. कुडाची भिंत पडते ती बहुधा तळातून. खालची ओल आणि वाळवी तिला खातात. कूड जमिनीत न रोवता दगडांच्या वीतभर थरावर उभा केला, छताची वळचण दोन फूट बाहेर काढली आणि शेणामातीच्या लिंपणात भुसा घातला, तर ती एक-दोन पावसाळे सहज काढते. लिंपणाला नुसती काळी माती वापरू नये. ती वाळताना भेगाळते.

कूड कशाचा करायचा, हेही महत्त्वाचे आहे. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी आयती हाताशी असते, पण तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच वावरात उतरते. म्हणूनच पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. कुडासाठी तुराट्या किंवा बांबू घ्यावा. आणि चूल कुडापासून दूर, बाहेर मांडावी. वाळलेली तुराटी एका ठिणगीत पेटते.

गैरसमज: खाली चार इंच काँक्रीट ओतले की जमिनीचा प्रश्न संपला.

वस्तुस्थिती: तापी खोऱ्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही हालचाल वरच्या थरापुरती नसते. साधारण दीड ते साडेतीन मीटर खोलीपर्यंत ती जाणवते. अशा मातीवर थेट ओतलेले पातळ काँक्रीट पहिल्याच पावसाळ्यानंतर तडकते आणि नुसते रोवलेले खांब कलतात. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी महागड्या फरशीची गरज नाही. वरची काळी माती फूटभर काढून तिथे मुरूम भरावा, पाणी मारून धुमसाने चोपावा आणि जमीन आजूबाजूपेक्षा फूट-दीड फूट उंच घ्यावी. चहूबाजूंनी चर खणून पाणी उताराला काढून द्यावे. शोषखड्ड्यालाही हीच माती आडवी येते. काळ्या मातीत पाणी फार हळू मुरते, त्यामुळे पावसाळ्यात शौचालयाचा खड्डा भरून वाहण्याचा धोका असतो. तो विहिरीपासून दूर आणि उताराच्या बाजूलाच हवा.

गैरसमज: कंटेनर आणून ठेवला की सगळ्यात सोपे.

वस्तुस्थिती: वीस फुटी कंटेनर आतून जेमतेम आठ फूटही रुंद नसतो आणि रिकामाच दोन टनांपेक्षा जास्त भरतो. तो उतरवायला क्रेन लागते आणि क्रेनला पक्का रस्ता. जून ते सप्टेंबर काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर अशी गाडी फसते. चारी बाजूंनी लोखंड असल्याने आतून उष्णतारोधक थर दिल्याशिवाय तो खानदेशच्या उन्हाळ्यात राहण्याजोगा होत नाही. कुलूपबंद सामान ठेवायला कंटेनर उत्तम. राहण्यासाठी तो घ्यायचा तर आतल्या थराचा, खिडक्यांचा आणि वाहतुकीचा खर्च आधी मांडावा.

गैरसमज: शेड तात्पुरते आहे आणि जमीन आपली आहे, मग परवानगी कशाला?

वस्तुस्थिती: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ प्रमाणे शेतकरी आपल्या शेतजमिनीवर शेतघर उभारू शकतो. अवजारे, चारा, धान्य ठेवण्याची जागा, गोठा आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाची, गड्यांची राहण्याची जागा या व्याख्येत येते. पण याच कलमाने शहरांभोवती वेगळा नियम घातला आहे. महापालिकेच्या हद्दीबाहेर ५ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात (पुणे आणि नागपूरसाठी ८ किलोमीटर) आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात शेतघरासाठीही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तिथे क्षेत्र ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकरापेक्षा कमी असेल तर परवानगी मिळत नाही, आणि राहण्याच्या इमारतीच्या जोत्याला १५० चौरस मीटरची मर्यादा आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिका २००३ मध्ये महापालिका झाल्या. त्यामुळे असोद्यासारख्या शहरालगतच्या गावात आपला गट या पट्ट्यात येतो का, हे पहिल्यांदा पाहावे लागते. चार-पाच गुंठ्यांचा तुकडा घेऊन त्यावर ‘फार्महाऊस’ म्हणून शेड टाकणाऱ्यांनी तर हे पैसे मोजण्याआधीच पाहावे.

ग्रामपंचायतीने शेडला घरपट्टी लावली, नमुना ८ वर नोंद झाली, म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले, हाही गैरसमजच. ती कर आकारणीची नोंद आहे. तिने परवानगीही मिळत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून सातबारा आणि गटाचा नकाशा घेऊन तलाठी आणि तहसील कार्यालयात आजची स्थिती विचारून घ्यावी.

गैरसमज: पंपाच्या मीटरवरून दोन वायरी ओढल्या की लाइटचे काम झाले.

वस्तुस्थिती: वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार ज्या कामासाठी जोडणी मंजूर आहे, त्याहून वेगळ्या कामासाठी वीज वापरणे हा अनधिकृत वापर ठरतो. शिवाय शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच असते, म्हणजे रात्री पंखा चालेल याची खात्री नाही. खरा धोका त्याहून मोठा आहे. वायरचे आवरण घासून तार पत्र्याला टेकली तर सगळे शेड विजेने भारले जाते आणि ओल्या पायाने दाराला हात लावणाराही त्यात सापडतो. घरगुती किंवा बांधकामासाठीची तात्पुरती जोडणी रीतसर घ्यावी, पत्र्याच्या सांगाड्याला अर्थिंग द्यावे आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवावा. दोन दिवे आणि एक पंखा एवढीच गरज असेल तर लहान सौर संच पुरतो.

गैरसमज: दारात कीटकनाशक शिंपडले की साप येत नाही.

वस्तुस्थिती: अशा वासांवर भरवसा ठेवू नये. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. बाजेवर किंवा खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. विटांचे, लाकडांचे ढीग निवाऱ्याला लागून रचू नयेत. तिथे उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे.

या सगळ्याचा अर्थ तात्पुरत्या निवाऱ्यावर घराइतका खर्च करावा असा नाही. त्याची जागा आणि माप असे ठरवावे की घर झाल्यावर तोच निवारा गोठा, कांद्याची चाळ किंवा अवजारांची खोली म्हणून कामी येईल. बोल्टने जोडलेला सांगाडा उघडून दुसरीकडे उभाही करता येतो. मग त्यावर घातलेला रुपया वाया जात नाही. घराचे अंदाजपत्रक मांडताना निवाऱ्याचा खर्च पहिल्या ओळीत लिहा आणि महसुलाची कागदपत्रे तपासल्याशिवाय पत्र्याची खरेदी करू नका. नव्या घराची स्वप्ने पाहणारे म्हातारे आईबाप आणि लेकरे त्या निवाऱ्यात राहणार आहेत. त्यांच्या डोक्यावरचे छत, थोड्या दिवसांचे का असेना, भरवशाचेच असले पाहिजे.