सायकलीमागील निजावयाचा गाडा

विजेच्या सायकलीमागें जोडावयाची निजण्याजोगी खोली घरीं बांधतां येते. परंतु तिची खरी कसोटी चाकांत असते. वळणावर सायकल आंत झुकते. दोन चाकांचा गाडा झुकत नाहीं, म्हणून त्याच्या चाकांना बाजूचा ताण सोसावा लागतो. यासाठीं उंच चाकांपेक्षां मुलांच्या जुन्या सायकलींचीं २० इंची चाकें बरीं. मात्र "२० इंच" या नांवाखालीं ४०६ व ४५१ मिलिमीटर अशा दोन्ही मापांच्या रिमा विकल्या जातात. तेव्हां टायरच्या कडेवरील आंकडा वाचूनच खरेदी करावी. सायकलीच्या चिमट्याप्रमाणें गाड्यांतही आंसास दोन्ही टोकांना आधार द्यावा, नाहींतर तो वांकतो. मोटर चढावर साह्य करिते, पण उतारावर सारा भार स्वारास पुढें लोटतो. म्हणून काटकसर करावयाची ती अन्यत्र करावी. ब्रेकांत करूं नये.