अंगणातील डाळिंब

झाड फुलांसाठी लावावे की फळांसाठी, हा प्रश्न लहान अंगण असलेल्या कुटुंबापुढे नेहमीच उभा राहतो. जागा एकाच झाडापुरती असते. घरातील मंडळींची मते मात्र अनेक असतात. अशा वेळी वाचकांनी डाळिंबाचा अवश्य विचार करावा. शेंदरी फुलांनी बहरलेले डाळिंब शोभेच्या कोणत्याही झाडापुढे उणे ठरत नाही. शिवाय ते मुलांच्या हाती फळही देते.

इराणपासून उत्तर भारतापर्यंतचा प्रदेश ही डाळिंबाची मायभूमी. हिमालयाच्या उतारांवर रानडाळिंब आजही आढळते. त्याच्या आंबट दाण्यांपासून अनारदाणा तयार करतात. दख्खनच्या कोरड्या हवेतही हे झाड उत्तम रुजले असून, सोलापूर येथे २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले.

रोपवाटिकेत एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. दाट पाकळ्यांची, झुबकेदार फुलांची जात दिसायला मनोहर असते, पण तिला सहसा फळ धरत नाही. फळ हवे असेल तर साध्या फुलाचीच जात निवडावी. बी पेरून उगवलेले झाड मूळ झाडासारखेच निपजेल याचा भरवसा नसतो. म्हणून छाटकलम किंवा गुटीकलम घ्यावे. भरपूर ऊन मिळेल अशा जागी सुमारे ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा करून तो माती व कुजलेल्या शेणखताने भरावा. पाणी मात्र साचू देऊ नये.

पहिल्या बहरात पुष्कळ फुले गळून पडतात आणि घरातील माणसे हिरमुसतात. पण घाबरण्याचे कारण नाही. डाळिंबाला दोन प्रकारची फुले येतात. घंटेसारखी, बुडाशी निमुळती फुले नर असतात, ती गळणारच. बुडाशी सुरईप्रमाणे फुगीर असलेल्या फुलांनाच फळ धरते. हा भेद मुलांना प्रत्यक्ष झाडावर दाखवावा.

खरी काळजी घ्यायची ती पाण्याची. अनेक दिवस झाड कोरडे ठेवून मग एकदम भरपूर पाणी दिले, तर वाढते फळ तडकते. म्हणून बेताचे पाणी नियमाने द्यावे. अळी फळ पोखरू नये यासाठी लहान फळांना कापडी पिशव्या बांधाव्यात. पानांवर वा फळांवर तेलकट काळे डाग दिसल्यास तो ‘तेल्या’ रोग समजावा. रोगट फांद्या कापून जाळाव्यात आणि कात्री निर्जंतुक करावी.

फूल आल्यापासून पाच-सहा महिन्यांत फळ पिकते. तोडल्यानंतर ते अधिक पिकत नाही, म्हणून उतावीळ होऊ नये.

बदलीच्या नोकरीत, फळ येईपर्यंत आपण या घरात राहू का, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. तरीही झाड लावावे. आपण गेलो तरी मागून येणाऱ्या कुटुंबाच्या मुलांना त्याची फुले दिसतील, फळे मिळतील. आणि जाताना त्याचेच एक कलम आपल्याला नव्या अंगणासाठी सोबत नेता येईल.